उठवणीची हजेरी

आमच्या तालुक्यातल्या माणसांना दुखणं डोळ्यांनी दिसतं. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. आम्हांला नवल वाटतं ते बाहेरच्यांचं, की ज्यांना दिसत नाही ते त्याच्यावर उपचार कसे करतात.

जामखेडच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर उठवणी नावाचा वेल होतो. त्याच्या मुळीचा नखाएवढा तुकडा चघळला की अंगातलं दुखणं उठतं, बाहेर येतं आणि अंमल उतरेपर्यंत, म्हणजे पाचसहा तास, शेजारी बसून राहतं. मग निमूट परत आत जातं. त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. दाढदुखी बेडकाएवढी असते. बाळंतिणीच्या कळा कोंबड्यांसारख्या घरभर फिरतात. संधिवात बहुधा चुलीजवळची जागा धरतो आणि उठता उठत नाही.

ज्याचं काहीच दुखत नाही त्यानं मुळी खाल्ली, तर त्याची काळजी उठून बाहेर बसते आणि माणूस मोकळा होतो. याला शौक म्हणतात. खडकवणच्या पारावर मच्छिंद्र आणि त्याचे तीन सोबती मुळी लावून बसायचे आणि पाराखाली त्यांच्या काळज्या शेळ्यांसारख्या रवंथ करत पडायच्या. येणारेजाणारे त्यांना ओलांडून जात.

स्वराज्य आलं आणि वर्षाच्या आत वेलखातं आलं. खात्याच्या माणसांनी डोंगरावरचा वेल मुळासकट उपटला, आरणपेठेला तारेच्या कुंपणात नेऊन लावला आणि गावोगाव छापील अर्ज पाठवले. अर्जात प्रश्न एकच होता: उठवणी कशासाठी घेता? औषध / शौक. नको ते खोडावे.

खडकवणमध्ये अर्ज भरण्याजोगा हात एकच, मिशनच्या शाळेतल्या शलमोन मास्तरांचा. वय बावन्न, कोट एक, आणि अक्षर असं की तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांबद्दल काही न लिहिता फळ्याबद्दल शेरा लिहिला होता. शिवाय मास्तर मंडळीचे पंच होते, म्हणजे रविवारी देवळात दानाची थाळी फिरवण्याचा मान त्यांचा. त्यांनी तीन दिवस ओसरीवर बसून सगळ्या गावाचे अर्ज भरले. सगळ्या गावानं औषध सांगितलं. ज्यांना आयुष्यात शिंकसुद्धा आली नव्हती त्यांनीही मान खाली घालून औषधच सांगितलं. फक्त पारावरचे चौघे अडले.

"शौक लिवा, मास्तर," मच्छिंद्र म्हणाला. "ह्या वयात खोटं कशापायी बोलू?"

"नावं चावडीवर लागणार आहेत, मच्छिंद्र."

"लागू द्या की. न्हाईतर आमचं नाव कुठं लागायचंय?"

मास्तरांनी उसासा टाकून 'औषध' हा शब्द खोडला. शेवटचा अर्ज त्यांनी आपल्या घरचा भरला. मरियमबाई शलमोन, वय सेहेचाळीस, पोटात गाठ. 'शौक' त्यांनी पट्टी लावून खोडलं.

मरियमबाईंची गाठ दोन वर्षांची होती. गावातली साळूबाई डोंगरातून मुळी खणून आणायची आणि रोज सकाळी एक तुकडा द्यायची. तो चघळला की बाईंच्या पोटातून मुंगसाएवढं, बिनकेसाचं, ओलसर काहीतरी उतरायचं आणि खाटेखाली जाऊन बसायचं. "बस गं बाई तिथं," मरियमबाई त्याला सांगायच्या, "मला भाकरी टाकू दे." आणि खरोखर भाकरी टाकायच्या. बरं कुणी होणार नव्हतं. पण दिवसातले पाचसहा तास गाठ खाटेखाली आणि बाई खाटेवर, असा दोघींचा समझोता होता.

अर्ज गेले आणि तीन महिन्यांनी हुकूम आला. शौकिनाचा वेल एकदम तोडल्यास त्याच्या जिवाला धोका संभवतो, सबब नोंदलेल्या शौकिनांस दर मंगळवारी एक मुळी देण्यात येईल. औषध म्हणून घेणारांस असा धोका नाही. त्यांनी जिल्ह्याच्या वेल-डॉक्टरांचा दाखला आणावा. वेल-डॉक्टरांची जागा मंजूर झालेली होती. डॉक्टर मंजूर व्हायचे होते.

साळूबाईनं मडक्याच्या तळाची शेवटची मुळी आणून दिली तेव्हा ती मास्तरांच्या दारातच बसली. "खुरपं बी न्येलं मेल्यांनी," ती म्हणाली. "म्हंत्यात खातं देईल आता. मी कंदी दाखला मागितलाय का हो कुनाला? प्वाट धरून मानूस आलं की कळतंय की." ती मुळी चार दिवस पुरली. पाचव्या दिवसापासून गाठ बाहेर यायची थांबली.

मास्तर तीन कोस चालत आरणपेठेला गेले. खात्याचे कारकून श्रीमंत भाऊसाहेब हे नाव सोडलं तर साधे गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि अर्ज शोधून काढला.

"अक्षर सुरेख आहे हो."

"ती ओरडते, भाऊसाहेब. तोंडात पदर घालते, कारण शेजारी शाळा भरते. मुलं पाढे म्हणायची थांबतात."

"खरं सांगू? शौक लिहिलं असतंत तर आज मुळी हातात होती."

"पण ती औषध म्हणून घेते."

"तेच तर चुकलं."

"मग आता यादी बदला. लिहा शौक."

"या यादीतून त्या यादीत जायला वेल-डॉक्टरांचा दाखला लागतो." भाऊसाहेबांनी अर्ज मिटला आणि आवाज खाली आणला. "तुमचं स्वतःचं नाव मात्र कुठल्याच यादीत नाही, मास्तर. नवे शौकीन या महिनाअखेरपर्यंत घेतो आम्ही. स्वतः हजर राहायचं आणि एका जुन्या शौकिनाची साक्ष आणायची."

मास्तर त्या रात्री काय विचार करत होते ते कुणाला माहीत नाही. सकाळी ते पारावर गेले, आणि ज्याला वीस वर्षं सुधारण्याचा प्रयत्न केला त्या मच्छिंद्राला म्हणाले, "मला तुझी साक्ष पाहिजे."

मच्छिंद्र हसला नाही. धोतर झटकून उठला आणि बरोबर निघाला. वाटेत मास्तरांनी त्याला सगळं विचारून घेतलं. मुळी किती मोठी असते, ओली की वाळलेली, एका मुळीचे तुकडे किती होतील, फडक्यात बांधून ठेवली तर टिकते का. सात तुकडे होतील असा हिशोब निघाला. आठवडा निघत होता. मास्तर भराभर चालू लागले.

कचेरीत मच्छिंद्रानं साक्ष दिली. "वीस वरीस झालं, मास्तर माझ्याबरुबर बसत्यात. माझ्यापरीस जास्त खात्यात. आवरत न्हाईत."

"खरं आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मास्तर आयुष्यात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना त्याचा सराव नव्हता. ते उभे राहिले, दोन्ही हात कोटाच्या शिवणीला लावले आणि मोठ्यानं "होय" म्हणाले.

चावडीवर नाव लागलं. मंडळीची बैठक भरली. पाळकसाहेबांनी डोळे पुसत ठराव वाचला: थाळी दुसऱ्याकडे, आणि शौक सुटेपर्यंत मास्तर प्रभुभोजनाला बसणार नाहीत. कशासाठी केलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाव चावडीवर होतं आणि ठराव नावावर होत असतो. मास्तरांनी ठरावाखाली सही केली.

मंगळवारी ते स्वच्छ फडकं खिशात घालून रांगेत उभे राहिले. पुढे मच्छिंद्र. त्याला मुळी मिळाली, त्यानं ती तोंडात टाकली, चघळली, गिळली, वर पाणी प्यायला, आणि भाऊसाहेबांसमोर जीभ बाहेर काढली. भाऊसाहेबांनी हजेरीवर खूण केली. मास्तर बघत राहिले.

"हे काय?"

"कलम सहा," भाऊसाहेब म्हणाले. "मुळीचा व्यापार होऊ नये म्हणून इथंच खायची. समक्ष."

मास्तर मच्छिंद्राकडे वळले. "तू मला सांगितलं नाहीस?"

"आता ह्ये बी सांगायचं व्हय?" मच्छिंद्र खरोखरच गोंधळला होता. "मिळाली की खातोय मानूस. तुमी तीन कोस हुबं आडवं इचारलं, पर खानार कवा ह्ये कुठं इचारलं? मला वाटलं, तुमाला ठाव आसंल. तुमी शिकल्यालं."

"भाऊसाहेब," मास्तर म्हणाले, "मला नको. मी खात नाही."

"नोंदलेल्या शौकिनानं नाकारणं म्हणजे खोटी नोंद. साक्षीदारासकट सहा महिने." भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. "मास्तर, माझ्या हातात असतं तर..."

"आवं, मुळी तुमच्याच हातात हाय की!" मच्छिंद्र म्हणाला.

भाऊसाहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. दारात खात्याचा शिपाई उभा होता आणि रांगेत मागे वीस माणसं. मास्तरांनी मुळी तोंडात घेतली आणि गालात ढकलली.

"जीभ उचला," भाऊसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "गाल दाखवा. गिळा, मास्तर. तुमच्या पाया पडतो, गिळा."

मास्तरांनी गिळली.

थोड्या वेळानं त्यांच्या पाठीतून काहीतरी उठू लागलं, आणि उठतच राहिलं. रांगेतली माणसं बाजूला झाली. मच्छिंद्राच्या उभ्या जन्मात एवढा पाहुणा कुणी पाहिला नव्हता. कचेरीच्या छपराला टेकला तेव्हा तो वाकला. राखाडी रंगाचा, लांब हातांचा, तोंडाच्या जागी फक्त खालच्या दिशेनं बघणं. मास्तरांनी मागे वळून पाहिलं.

"अरे वा," ते म्हणाले. "बराच मोठा आहे."

परत येताना त्यांनी मच्छिंद्राला तपासणीच्या साहेबाची नक्कल करून दाखवली. ओढ्याला हातपाय धुतले. पाहुणा मागून चालत होता, ढेकळांत अडखळत. मच्छिंद्राला स्वतःच्या काळजीची सवय होती, पण ही त्याला बघवेना. गावाच्या शिवेवरच तो दुसऱ्या वाटेनं गेला.

मरियमबाई खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. मास्तर आत आले, कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "भूक लागली."

"आनली का हो?"

"नाही, तिथंच खावी लागते. कलम सहा आहे." त्यांनी शिंक्यातली भाकरी काढली. "लसूणचटणी कुठं ठेवलीस?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारातून पाहुण्याला आत येता येत नव्हतं. त्यानं खांदा घालून पाहिला, मग गुडघे टेकले आणि खिडकीशी तोंड आणून बसला.

"ह्ये... तुमचं हाय?"

"माझंच," मास्तर चटणी शोधत म्हणाले.

बाईंना कळ आली. त्यांनी पदर तोंडात घातला. मास्तर खाटेच्या कडेला बसून जेवले. ते बघत होते. पाऊस पडताना माणूस बघतो तसं. मधेच म्हणाले की सातवीच्या पोरांचं भूमितीत यंदा बरं दिसतंय. बाईंचा हात खाटेच्या लाकडावर आवळत होता. खिडकीच्या गजांतून एक लांब राखाडी हात आत आला, चाचपडला आणि त्यांच्या हातावर येऊन राहिला. दुपारभर तिथंच होता. कळ कमी झाली नाही. पाहुण्यानं कधी कुणाची कळ कमी केलेली नाही.

दिवस कलला तसा तो विरत गेला. मास्तर अंगणात खोऱ्याची दांडी बसवत होते, तिथं जाऊन त्यांच्या पाठीत शिरला. खोरं हातातून पडलं. मास्तर तसेच धावत आत आले, खाटेपाशी उभे राहिले, आणि नेहमीप्रमाणे त्यांना काय करावं ते सुचेना. त्यांनी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मग घोंगडी नीट केली. मग पुन्हा तांब्या सरळ केला.

"मी जाणार नाही आता," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पुढच्या मंगळवारी नाही जाणार. काय व्हायचं ते होऊ दे."

मरियमबाई खिडकीकडे बघत होत्या.

"जावा की," त्या म्हणाल्या. "हजेरी हाय."

"मरियम, मी इथं बसून चटणी मागत होतो."

"तुमी मागा." त्यांनी श्वास घेतला, कळ जाऊ दिली. "त्ये बरं बसतंय जवळ. तुमास्नी न्हाई येत बसाया." आणि थोड्या वेळानं, डोळे मिटून, "आज वार कंचा?"

"मंगळवारच आहे अजून," मास्तर म्हणाले.