गाळलेला रविवार

सोमवारी सकाळी दहा वीसला मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. समोर लॉग उघडा होता आणि त्यात गिरजाचं नाव तीनदा होतं.

तेव्हा, २००५ साली, मी गडचिरोलीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. आमचा ईमेलचा सर्व्हर औषधांच्या खोलीमागे होता. गावोगावच्या केंद्रांची पत्रं त्यावर यायची, आणि त्यांच्यापेक्षा जास्त यायचा लॉटरीचा आणि ताकदीच्या गोळ्यांचा कचरा. त्या कचऱ्यापायी टेलिफोनची लाईन दिवसभर अडकून राहायची. म्हणून नागपूरच्या एका कंपनीची गाळणीची सेवा घ्यायची ठरली. कचरा परस्पर फेकायचा, खरं पत्र तेवढं आत सोडायचं.

पण घेण्याआधी ती पारखायची होती, आणि पारखणारा मीच. लॉग म्हणजे सर्व्हरची हजेरीवही. कोणी पाठवलं, कोणाला, किती वाजता, विषय काय, एवढं त्यात राहतं. पत्रातला मजकूर राहत नाही. तीन महिन्यांचा जुना लॉग मी त्या गाळणीला चारला आणि ती काय आत घेते, काय फेकते ते ताडून पाहिलं. खरं पत्र एकही फेकलं गेलं नाही. मी छाती फुगवून अहवाल दिला, शनिवारी सेवा सुरू झाली.

एक गोष्ट अहवालात नव्हती. रविवारी दवाखान्याचं ऑफिस बंद, म्हणून रविवारच्या ओळी मी आधीच काढून टाकल्या होत्या. काम हलकं झालं होतं.

आणि रविवार म्हणजे पारडटोल्याचा बाजार. चामोर्शीच्या पुढचं हे माझंच गाव. माझी माय गुणाबाई जन्मभर त्या बाजारात वैनगंगेची मासोळी घेऊन बसत आली. त्या मासोळीच्या पैशावर मी नागपुरात कॉम्प्युटर शिकलो, आणि शिकून आल्यावर आठवडा ऑफिसच्या सुटीवरून मोजू लागलो. मेंदू गहाण टाकला होता मी, दुसरं काय!

बाजाराच्या दिवशी आसपासच्या चौदा गावांच्या आरोग्यसेविका पारडटोल्यात येतात. भाजी घेतात, आणि विक्कीच्या इंटरनेट कॅफेत रांग लावून दवाखान्याला पत्रं पाठवतात. पत्ता सगळ्यांचा एकच, विक्कीचा. ओळख पटावी म्हणून विषयाच्या जागी जी ती आपलं नाव घालते. तासाभरात एकाच पत्त्यावरून वीस-पंचवीस पत्रं. गाळणीच्या हिशेबात हे वागणं लॉटरीवाल्याचं. काल पहिली पाच तिने आत सोडली, पुढची एकतीस फेकली. गुपचूप, पाठवणाऱ्याला न कळवता. तशी सोय मीच निवडली होती.

एकतीसमधली अठ्ठावीस औषधखोलीच्या पत्त्यावर होती, म्हणजे औषधांच्या याद्या, थांबल्या तरी चालणाऱ्या. पण गिरजाची तीन रक्तपेढीच्या पत्त्यावर होती. दहा बेचाळीस, अकरा पाच, अकरा चाळीस. गिरजा पारडटोल्याच्या आमच्या केंद्रावरची सेविका, कामात चोख. आजवर तिने एकही पत्र दुसऱ्यांदा पाठवलं नव्हतं.

रक्ताची मागणी लेखीच करायची अशी आमची शिस्त. फोनवर गट ऐकण्यात एकदा घोटाळा झाला होता, तेव्हापासून रक्तपेढी फोनवर मागणी घ्यायचीच नाही. रक्तपेढीची नर्स रविवारीही पत्र पाहून ‘पोचलं’ असं उत्तर धाडायची. काल उत्तर गेलंच नव्हतं, कारण पत्रच आलं नव्हतं. कोणाला रक्त हवं होतं, कोणता गट, ते त्या फेकलेल्या पत्रात होतं.

मी विक्कीच्या कॅफेतला फोन लावला. घंटी वाजत राहिली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो चारशिवाय दुकान उघडत नाही. केंद्रात फोन नव्हता. पारडटोल्याची एसटी अकराला सुटायची, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी.

मी धावत रक्तपेढीत गेलो. तिथले प्रमुख गुणवंतराव, साठीचे, चष्म्यावरून पाहणारे.

“भाऊ, पारडटोल्याले दोन पिशव्या पाठवा. ओ निगेटिव्ह.”

“कोणासाठी?”

“माहीत नाई.”

“मंग गट कसा माहीत?”

“तो बी माहीत नाई. ओ निगेटिव्ह कोणालेही चालते म्हणून मागून राह्यलो.”

त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. “दोनच आहेत. बुधवारशिवाय नागपूरहून येत नाईत. उद्या इथी कोणी आला त त्याले काय देऊ? तुहा लॉग?”

माझं डोकं तापलं. ओरडणारच होतो, पण चूक माझी होती आणि ती सांगितल्याशिवाय पिशव्या मिळणार नव्हत्या. घड्याळात दहा एकोणचाळीस.

“भाऊ, अहवाल खोटा होता माहा. रविवार मी तपासलाच नाई, काढून टाकला. त्या गाळणीनं गिरजाचं पत्र तीनदा फेकलं. ते बाई उगाच तीनदा लिहीत नाई.”

गुणवंतरावांनी चष्मा वर सरकवला.

“सही घेतली तू माही त्या अहवालावर.”

“हो.”

“नोकरी जाईन तुही.”

“जाऊ द्या. एसटी जाऊन राह्यली.”

त्यांनी बर्फाचा डबा काढला. दोन्ही पिशव्या बर्फात रचल्या. मागणीच्या कागदावर रुग्णाच्या नावाची जागा त्यांनी कोरी सोडली आणि खाली माझी सही घेतली. अकराला दोन मिनिटं कमी असताना मी तो डबा, गिरजाच्या हाती द्यायला सांगून, कंडक्टरच्या मांडीवर ठेवला.

मग काहीच करण्यासारखं नव्हतं. मी गाळणी बंद केली. जेवलो नाही. दोनदा गुणवंतराव दारात येऊन गेले. केंद्राची रिकामी खोली आणि बर्फ वितळून गळणारा डबा माझ्या डोळ्यांपुढून हटेना. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“धनराजभाऊ? गिरजा बोलून राह्यली. पोचल्या पिशव्या.”

“कोण आहे वो?”

“पुनम. बाळंतीण. काल पहाटेपासून लई रक्त गेलं. डॉक्टरनं तिच्या रक्ताशी मिळवून पाह्यलं, एक चढवली, दुसरी चढून राह्यली. डोळे उघडले तिनं. पोरगं मांगते.”

मी खुर्चीत बसलो. गुणवंतराव दारातच होते. मी मान हलवली तसा त्यांनी चष्मा काढला.

“भाऊ, मी त एकदाच धाडून परत चालली होती,” गिरजा सांगत होती. “उत्तर आलं नाई म्हणून बाजारात रडत उभी होती. तुही माय म्हणे, रडतेस काऊन? माहा धनराज तिथीच बसते. एकेक चिठ्ठी त्याच्या डोळ्याखालून जाते. पुन्हा धाड. तरी उत्तर नाई आलं, त मासोळी सोडून माह्यासंगं कॅफेत आली, तिसऱ्यानं धाडाले लावलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“खरंच पाह्यतो ना भाऊ, एकेक?”

“पाह्यतो,” मी म्हणालो.

फोन ठेवला आणि काढून टाकलेले तेरा रविवार परत लॉगमध्ये घातले. पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.