डाव्या बाजूचा ढोल

लखनची थापड परळीत प्रसिद्ध होती. काठी नाही, गज नाही, रिकामा हात. सपाट बोटांनी गालावर मारली की आवाज मोठा येतो आणि इजा कमी होते. तळहाताचा खळगा करून कानावर मारली की आवाज दबका येतो, पण आतला पडदा फाटतो. हा फरक त्याला कुणी शिकवला नव्हता. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा गडी तालमीत गेला, तालमीतून शहादेव अण्णांच्या गाडीत बसला आणि तिथं त्याच्या हाताला भाव आला. माणसाच्या हाताला असा भाव यावा ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण लखन मिरवायचा.

वीज केंद्रातली राख वाहणारे अण्णांचे ट्रक ताडपत्री न टाकता गावातून धावायचे. त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती. बोलले ते सुंदरराव, त्याच केंद्रातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. त्यांनी ट्रकांचे फोटो काढले, खाली तारखा टाकल्या आणि तक्रार ठोकली. मग मे महिन्यातल्या एका दुपारी चौघं त्यांच्या घरात घुसले.

म्हातारा खुर्चीत बसून रेकॉर्ड ऐकत होता. अण्णांचा भाचा सुरज यानं आल्या आल्या कपाट पालथं केलं. काळ्या तबकड्या फरशीवर पडल्या आणि त्यांच्यावर बूट नाचले. सुंदरराव धावले ते तबकड्यांकडं, दाराकडं नाही. लखननं त्यांची मान धरली आणि हाताचा खळगा करून डाव्या कानावर एक ठेवून दिली. म्हातारा मटकन खाली बसला. कानातून रक्त निघून सदऱ्याच्या कॉलरवर आलं. त्यांची बायको वनमाला स्वयंपाकघराच्या दारात किंचाळत होती.

"तक्रार मागं घे, न्हाई तर दुसरा बी फोडतो," सुरज म्हणाला आणि वर एक लाथ घातली.

एवढ्या धुमाळीत प्लेअरवरची रेकॉर्ड मात्र वाजतच होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. खालून जाड तारेचं वाद्य सरपटत होतं, त्यावर ढोल पडत होता आणि पितळी वाद्यं भांडायला उठल्यासारखी मध्येच ओरडत होती. लखनचा पाय आपोआप हलायला लागला. पहिल्या ठोक्याला जोर, मग ढोलवाला मुद्दाम एक जागा रिकामी सोडतो, आणि ऐकणाऱ्याचं अंग नेमकं त्या जागेत जाऊन पडतं. बिरोबाच्या जत्रेत त्याचा बाप आप्पाराव धनगरी ढोल असाच वाजवायचा. बाप गेल्यापासून असलं काही कानावर पडलंच नव्हतं. दुसऱ्याचा कान फोडून तीन मिनिटं झाली नव्हती आणि या बहाद्दराचे स्वतःचे कान उघडले होते. बाहेर पडताना त्यानं ती तबकडी उचलली, कव्हरात घातली आणि शर्टाच्या आत सारली.

कव्हरचा फोटो काढल्यावर मोबाइलनं सांगितलं, याला फंकी जॅझ म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं संगीत. लखननं संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून एक प्लेअर पैदा केला आणि त्याला खूळच लागलं. अण्णांच्या कामासाठी कुठंही गेला तरी तो भंगारवाल्यांची दुकानं धुंडाळायचा. इंग्रजी वाचायची बोंब, म्हणून कव्हरावर काळा वादक आणि पितळी वाद्य दिसलं की उचल, असा त्याचा नियम. दिवाळीपर्यंत एकोणीस रेकॉर्डी जमल्या. एकीत चर्चमधल्या प्रार्थना निघाल्या. एकीच्या कव्हरात भलतीच तबकडी निघाली, तिच्यात एक बाई इंग्रजी बोलायला शिकवत होती, एकेक वाक्य तीन तीनदा. पहिल्या रेकॉर्डीच्या जवळ जाईल अशी एकही नव्हती.

"ह्या बाईला गप कर बाबा," त्याची आई रतनबाई वैतागली, "सकाळधरनं एकच बोलायलीय."

परळीत यातलं कळणारा माणूस एकच होता. लखननं पोतं खांद्यावर टाकलं आणि एका सकाळी त्याच माणसाचं दार वाजवलं. त्याला बघून वनमालाबाईंच्या हातातली कपबशी खाली पडली.

सुंदरराव खुर्चीतून उठले नाहीत. "एक कान राहिलाय. त्यो न्यायला आलास का?"

लखननं चोरलेली रेकॉर्ड त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बाकीचं पोतं समोर रिकामं केलं. म्हाताऱ्यानं आपली रेकॉर्ड सदऱ्याच्या टोकानं पुसली. मग बाकीच्यांवर नजर टाकली आणि भडकलेच. रक्त निघालं तेव्हा जे तोंड उघडलं नव्हतं, ते या भंगारावरून उघडलं.

"हे कावून घेतलंस बे? कव्हर बघून? बैल घेताना झूल बघून घेतोस का? उलटं कर! मागं बारीक अक्षरात वाजवणाऱ्यांची नावं असत्यात. ढोल कोण वाजवलाय ते बघ. त्यो आवडला, तर त्यो आणखी कुठं कुठं वाजवलाय ते हुडक. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. साठा असा होतो."

चुकलेली मेंढी खुरांच्या मागावर शोधत लखन लहानाचा मोठा झाला होता. त्याला हे एका झटक्यात कळलं.

सुंदररावांनी परत मिळालेली रेकॉर्ड लावली, हेडफोन घातला आणि डोळे मिटून एक गाणं ऐकलं. मग हेडफोन काढला, उलटा करून घातला आणि तेच गाणं पुन्हा सुरू केलं.

"काका, पुन्यांदा तेच कावून?"

"ह्या जुन्या रेकॉर्डीत ढोल डाव्या बाजूला असतो, पितळ उजव्या. डावा कान तू नेलास. म्हणून आधी पितळ ऐकतो, मग हेडफोन फिरवून ढोल ऐकतो. दोन्ही एकदम आता ह्या जन्मात न्हाई."

 लखननं इतक्या माणसांना मारलं, पण मार खाल्लेला माणूस नंतर कसा जगतो हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली.

"मी काय करू, काका?"

"ठाण्यात जाऊन सांग कुणी मारलं आन् कुणी मारायला लावलं. हिच्याशिवाय मला साक्षीदार न्हाई."

"मला आत टाकतील."

"टाकतील."

लखननं पोतं भरलं आणि निघून गेला. ठाण्यात काही गेला नाही. जेलापेक्षा त्याला अण्णांची भीती जास्त होती.

पंधरा दिवसांनी अण्णांनी बोलावलं. "सोमवारी राखेच्या तक्रारीची सुनावणी हाय. म्हातारं माघार घेईना. दुसरा कान घे. सुरज व्हिडिओ काढील, मला बघायचाय."

नाही म्हटलं तर दुसरे गज घेऊन जाणार, हे लखनला ठाऊक होतं. तो गेला. सोबत सुरज आणि टोळीतली दोन पोरं होती. सुरजनं मोबाइल धरला. लखननं हात उचलला, सुंदररावांच्या डोळ्यांत बघितलं आणि सपाट बोटांनी गालावर मारली. आवाजानं घर दणाणलं. म्हातारा शहाणा, तो खुर्चीसकट आडवा झाला.

सुरज जवळ जाऊन वाकला. "रक्त कुठं हाय बे? मला येडा समजतोस?"

त्यानं एका पोराच्या हातातला लोखंडी गज ओढला आणि उजव्या कानाचा नेम धरला. लखननं मध्ये हात घातला. मनगट कडकन वाजलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी त्यानं डोकं घालून सुरजचं नाक फोडलं. मग बाकीचे दोघं त्याच्यावर तुटून पडले. गज बरगड्यांवर पडत होता, पाठीवर पडत होता, आणि लखन म्हाताऱ्याच्या अंगावर पालथा पडून होता. मे महिन्यात बहिरी झालेली गल्ली या वेळी वनमालाबाईंच्या ओरडण्यानं बाहेर आली. माणसं बघून सुरज पळाला.

लखनचा हात प्लॅस्टरमध्ये जाईपर्यंत सुरजच्या पोरांनी त्याच्या अंगणात एकोणीसच्या एकोणीस रेकॉर्डी फोडल्या. रतनबाईंनी तुकडे पोत्यात भरून ठेवले. "समद्या गेल्या रं," त्या म्हणाल्या, "ती बोलणारी बाई बी गेली." लखन पोत्याजवळ बसून लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला. आदल्या दिवशीच्या हल्ल्याची तक्रार द्यायला सुंदरराव आधीच येऊन टेबलासमोर बसले होते. लखन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

"बोल," हवालदार म्हणाला.

"मे महिन्यात ह्यांचा कान म्या फोडला. शहादेव अण्णांनी सांगितलं म्हणून फोडला. काल दुसरा बी फोडायला गेलतो," लखन खालच्या आवाजात म्हणाला.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. सुंदरराव समोरच्या भिंतीकडं बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. एवढं करूनही म्हातारा विरघळेना, असं लखनला वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण डावीकडं उभे आहोत.

तो खुर्चीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला, खाली वाकला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.