शेवटची पंधरा मिनिटं

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज स्वतःचं सांगतो, कारण आता गप्प राहवत नाही.

माझा पहिला धनी एक वार्ताहर. मोठ्या लोकांची भाषणं माझ्यात भरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकायचा. माझं झाकण मोडलं तसं त्यानं मला दुरुस्तीच्या दुकानात टाकलं आणि तो परत फिरकलाच नाही. तिथून मला बाबांनी उचललं. बाबा म्हणजे माझ्या मालकिणीचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. माझं झाकणही त्यांनीच बसवलं आणि लेकीला म्हणाले, "घे. तुझे सर भरभर बोलतात ना? आता हा ऐकेल तुझ्यासाठी."

लेक तत्त्वज्ञान शिकत होती. तिच्या सरांची एक तऱ्हा होती : आधी सगळं पाडायचं. वर कुणी बघणारा नाही, जगण्याला आधीपासून ठरलेला अर्थ नाही, माणूस म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, निघाला तर त्याला 'थांब' म्हणणारं कुणी नाही. हे सगळं अगदी शांत, गोड आवाजात. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत सर बांधायला घ्यायचे. अर्थ आयता मिळत नाही, म्हणूनच तो आपल्या हातानं घडवायचा, असं सांगायचे.

पण माझ्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. सगळं पाडून झालं की माझं बटण खट्कन वर यायचं. दुसरी बाजू लेक पुढच्या तासासाठी राखून ठेवायची. तिचं काही अडत नव्हतं. उरलेलं ती वहीत उतरवून घ्यायची.

तास नसला की मी घरी, कपाटावर. आई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून दुपारी बाबा एकटेच. एकदा जेवण झाल्यावर, लेकीचा आवाज असेल म्हणून त्यांनी मला सुरू केलं. सर बोलू लागले. बंद करायला बाबांनी हात पुढे केला, तो तसाच राहिला.

मग ते रोज ऐकू लागले. महिन्याभरात त्यांना वाक्यंच्या वाक्यं पाठ झाली. "खरंय रे," ते मला म्हणायचे. "लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं. चाळीस वर्षं. मी कुठं पोचलो?"

आधी हत्यारांची पिशवी शेजाऱ्यांकडे गेली. मग दाढी राहू लागली. मग हृदयाची गोळी. लेकीसमोर ती तोंडात टाकायचे आणि ती जिना उतरली की कुंडीत थुंकायचे. मला सगळं दिसत होतं. ओरडावं तर माझ्याजवळ आवाज एकच, सरांचा.

"बाबा, हल्ली फार गप्प गप्प असता."

"तुझ्या सरांचं ऐकतोय."

"अरे वा! मग बसा माझ्याबरोबर परीक्षेला!" ती हसत चपला घालून निघून गेली.

एका दुपारी त्यांनी माझं आवाज भरायचं लाल बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात, बाजू कोरी आहे ना हे बघायला लेकीनं मला सुरू केलं. भरल्या वर्गात बाबांचा आवाज घुमला : "सर, तुम्ही मला ओळखत नाही. तुमचं सगळं पटलं. एकच विचारायचंय. हे माहीत असून तुम्ही सकाळी उठता कशासाठी? मला आता कारण सापडत नाही."

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"माझे बाबा."

"पण शेवटचं... शेवटचं त्यांनी ऐकलंय ना?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. शेवटचं तेवढं तिच्या वहीतच राहिलं होतं. मग मला काखेत मारून ती आणि सर दोघंही घराकडे धावत सुटले.

बाबा स्वयंपाकघरात फरशीवर पडले होते. नळ वाहत होता. श्वास चालू होता.

पाचव्या दिवशी सर दवाखान्यात आले. लेकीनं मला खाटेशेजारी ठेवलं होतं. सरांनी राहिलेली पंधरा मिनिटं सांगायला घेतली, पण खडू नाही, फळा नाही. शब्द अडखळू लागले.

"पुस्तकातलं नको," बाबा म्हणाले. "तुम्ही कशासाठी उठता?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "वर्गात पोरं वाट बघत असतात. म्हणून जातो."

"बरं," एवढंच म्हणून बाबांनी डोळे मिटले.

आता बाबा घरी आहेत. लेक परीक्षेला बसलीच नाही, नोकरीला लागली. गोळी दिली की ती बाबांना तोंड उघडायला लावते आणि दोघंही हसतात. सरांचे तास तिनं पुसून टाकले. माझ्यात एक कोरी कॅसेट तेवढी आहे.

ती कामाला गेली की बाबा मला जवळ ओढतात आणि सुरू करतात. नुसती खरखर. कान लावून ऐकतात. कुणी काही सांगत असल्यासारखी मान हलवतात. आज पूर्ण बाजू ऐकली. आत्ता उलटून लावताहेत.

माझी विनवणी एवढीच : तुम्ही कुणी या जिन्यावरून जात असाल, तर आमची बेल वाजवा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल.