धाकट्याचा टोप आणि सुनेचं दार

माझा थोरला लेक, इथला राजा, गेला तेव्हा नातवाला दातही आले नव्हते. राज्याची चटई, जग्वारचं कातडं अंथरलेली, रिकामी पडली आणि पोराला मांडीवर घेऊन तिच्यावर माझी सून साक निक जाऊन बसली. माझ्या धाकट्याला, चान तोकला, ते बघवेना. वहिनीनं राज्य करायचं आणि मी काय मका सोलत बसायचं, असं तो गावभर म्हणत सुटला.

शेवटी सरदारांनी ठरवलं, थोरल्याच्या घरात नवी जमीन झाली की चान तोकनं सगळ्यांसमोर आत यायचं. ताठ मानेनं चटईपर्यंत पोचला तर चटई त्याची. वहिनीपुढे वाकला तर तिची, आणि पुन्हा तो विषय नाही. आता माझा धाकटा जन्मात कुणापुढे वाकलेला नाही. माझ्यापुढेसुद्धा नाही.

आमच्यात माणूस गेला की घरातच पुरतात आणि वर चुन्याची नवी जमीन घालतात. जमीन घालायला पात नावाचा गवंडी आला. त्याला मी म्हटलं, एका थरावर भागवू नकोस, राजा निजलाय खाली. तो म्हणाला की थर वाढले तर दार बुटकं होईल. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या डोक्याला दारावरचा दगड टेकला की थांब." सुनेनं पोराच्या केसांत तोंड खुपसून हसू दाबलं.

ठरल्या दिवशी चान तोक आला तो टोप घालून. हिरवी लांब पिसं, त्यांच्यावर मगरीचा जबडा, जबड्यावर अख्खा पक्षी. पायऱ्या चढताना दोन माणसं मागून टोप सावरत होती. दाराशी आला आणि पक्ष्यानं दगडाला चोच मारली.

टोप काढावा, तर आमच्याकडे टोप उतरतो तो लढाईत धरलेल्या कैद्याचा. वाकावं, तर समोर वहिनी.

तो आडवा शिरून बघू लागला. मग पाठमोरा. मग गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून, बदकासारखा, तर मगर चौकटीत अडकली. खाली चौकात कुणीतरी खुदकलं आणि ते हसू पायरी पायरीनं वर चढत आलं. सरदार तोंडावर हात ठेवून आभाळ बघू लागले.

"आई, हे तुझंच काम," तो दातओठ खात म्हणाला.

"माझं कसलं? तुझ्या भावानं जागा जास्त घेतली. जिवंत होता तेव्हाही पसरूनच झोपायचा की. तूच पडायचास खाली."

 चान तोकचा ओठ हलला. मग जो हसायला लागला तो थांबेचना. हसता हसता पोट धरून दुमडला, मगर सुटली, आणि तो टोपासकट थेट साक निकच्या पायांशी येऊन पडला.

सरदारांनी तिथल्या तिथे उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला. राणीला मुजरा करताना ठेवतात तसा.

सून हसली नाही. उंचावरून ओतून फेसाळलेला कोको तिनं स्वतः त्याच्यापुढे धरला. "बसा भावोजी," ती म्हणाली. "टोप राहू दे डोक्यावर. तुम्ही काय कैदी आहात?"

नातवाला मिसरूड फुटेपर्यंत ती त्या चटईवर होती, आणि त्यानंतरही होती, कारण ऊठ म्हणणार कोण? दारावरच्या दगडाला खालच्या अंगानं तिनं आपली मूर्ती कोरून घेतली. बघायची तर आधी वाकून आत यायचं, मग मान वर करायची. शेजारी चौकटीत मगरीचा एक दात अजून रुतलेला आहे. पात दोनदा काढायला आला होता. मी हात लावू दिला नाही.