विलायती राखण

बाबांना मूठमाती देऊन आठवडाही झाला नव्हता, तोच कुत्रा आला.

इंग्लंडहून बोटीने मुंबईच्या गोदीत आणि गोदीतून एडवर्डमामाबरोबर वसईला. उंच, तांबूस-काळा, कान ताठ. लुईझा दारातच थबकली.

"हे काय, मामा?"

"तुझ्या बाबानं मागवला होता. वर्ष झालं. मला वाटलं, घरी सांगितलं असेल."

तिला सांगितले नव्हते. लुईझा वांद्र्याच्या शाळेत शिकवायची आणि रविवारी घरी यायची. बाबा तिच्याशी वर्तमानपत्रातल्या प्रत्येक बातमीवर तासन्‌तास बोलत. कुत्र्याबद्दल मात्र अवाक्षर काढले नव्हते. उलट विलायती कुत्री पाळणाऱ्यांची ते टर उडवत. "साहेब गेला," म्हणत, "पण जाताना साखळी आपल्या हातात देऊन गेला."

शेजारच्या वाडीतला चुलतभाऊ प्लासिड टोपलीत एक पिल्लू घेऊन आला होता. मामाच्या कुत्र्याकडे पाहून तो फिस्सकन हसला.

"काकांनी माझ्याकडे मागायचं की! ह्या पिल्लाची आय सातिवलीच्या रानात डुकराच्या अंगावर जाते. आणि जे शिजेल ते खाते. ह्या लाटसाहेबाला काय घालणार? काटा-चमचा?"

"मग बाबांनी तुझ्याकडे का नाही मागितलं?" लुईझाने विचारले.

प्लासिड टोपलीतल्या पिल्लाचे कान चाचपत राहिला. उत्तर लुईझाच्या आयने दिले, आतून.

"भुऱ्यामुळे."

भुऱ्या त्यांचा जुना गावठी कुत्रा, पावसाळ्यात गेला. त्याच्या आधीच्या मोसमात, सुकेळी वाळवायला राखून ठेवलेले राजेळी केळीचे लोंगर, अख्खे घडच्या घड, कुणीतरी एका रात्रीत कापून नेले. भुऱ्या ओट्यावरच होता. भुंकला नाही.

"तुझा बाबा म्हणाला, भुंकला नाही म्हणजे माणूस त्याच्या ओळखीचा. आणि आळीत त्याच्या ओळखीचं नाही असं कोण आहे? प्रत्येक मांडवात जेवलेला तो. म्हणून म्हणाला, असा कुत्रा पाहिजे जो इथं कुणाच्याच घरी जेवलेला नाही."

लुईझा खाली बसली. म्हणजे वर्षभर बाबा देवळात ज्यांच्या शेजारी गुडघे टेकत होते, त्यांच्यातल्याच कुणावर तरी त्यांचा संशय होता. कुणावर? आणि तिला ते का सांगितले नाही?

"रविवारी मी परत जातो," मामा म्हणाला. "नको असेल तर घेऊन जाईन. वांद्र्यात एकाला हवाच आहे. तेवढं ठरव."

कुत्र्याला फाटकाजवळच्या नारळाला लांब साखळीने बांधले. प्लासिड पिल्लू ठेवायला घरी गेला.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. जेवण आळी आणते, आणि संध्याकाळी सगळे जमून जपमाळ करतात. त्या दिवशी देवळाची घंटा झाली, आयने क्रूसापुढे मेणबत्ती लावली, चटया अंथरल्या. कुणी आले नाही. कुत्रा सारखा भुंकत होता.

"इतक्यात कंटाळले?" आय म्हणाली.

लुईझाच्या मनात भलतेच आले. बाबांचा संशय सगळ्यांना कळला असेल का? की कधीपासूनच माहीत होता?

कुत्रा दम घ्यायला थांबला, आणि तेवढ्या फटीतून शब्द आले: "...आता व आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर." परत भुंकणे. परत तेच शब्द.

ती धावत अंगणात आली. फाटकाबाहेर, धुळीच्या रस्त्यावर, सगळी आळी गुडघ्यांवर होती. शेजारी झाकलेली पातेली. प्लासिडही त्यांच्यात. मागे पाचूबंदरची सत्यवती म्हावऱ्याची टोपली कडेला ठेवून उभी. ती जपमाळेतली नव्हे, पण बाबांची रोजची कोळीण.

"अगो बाय, ह्या वाघाला कोनी आनला? आमाला आत घे, नायतर ह्याला तिकडं विलायतेला तरी धाड! कालवन पार थंड झालं!"

"घरात कोंड त्याला," प्लासिड ओरडला.

"कोंडून काय होतंय?" मामा म्हणाला. "उद्या परत तेच. एकेकाचा हात हुंगू दे. एकदा ओळख पटली की जन्मात विसरणार नाही."

लुईझा फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. ओळख करून दिली, की बाबांनी समुद्रापलीकडून आणलेली गोष्ट एका संध्याकाळात संपणार. नाही दिली, तर ही माणसे रस्त्यावर. आणि ह्यांच्यातलाच एक हात लोंगर कापणारा असेल. तिने चेहरे पाहिले. सगळे दमलेले, सगळे रडवेले. कुणाच्याच चेहऱ्यावर काही लिहिलेले नव्हते.

तिने कडी काढली. साखळी मुठीत धरली आणि एकेकाला पुढे बोलावले. हातांना कालवणाचा, मेणाचा, मातीचा वास. सत्यवतीच्या हातापाशी कुत्रा इतका रेंगाळला, की ती म्हणाली, "बघा, पारख हाय मेल्याला!" प्लासिड शेवटी आला. हात पुढे करण्याआधी त्याने तो सदऱ्याला पुसला. घाम असेल. कुत्र्याने हुंगले आणि तो खाली बसला, जसा सगळ्यांपुढे बसला होता.

"झालं," आय दारातून म्हणाली. "हाही भुऱ्याच." ती हसली की हुंदका आला, लुईझाला कळले नाही.

"मग रविवारी नेऊ?" मामाने हळूच विचारले.

"नको. राहू दे."

"आता कशाला?"

तिने नारळाला बांधलेली साखळी सोडली.

चटयांवर बसल्यावर रस्त्यावरची जपमाळ धरायची की नाही, यावर थोडा वाद झाला. मग सगळ्यांनी पहिल्या मण्यापासून सुरुवात केली. कुत्रा साखळी ओढत उंबऱ्यापर्यंत आला आणि बाबांच्या वहाणांवर हनुवटी टेकून, एकही आवाज न करता, आडवा झाला.