पाच नंबर की सहा

मी वेताच्या खुर्च्या विणतो. डोळे लहानपणीच गेले, तेव्हापासून सगळा कारभार बोटांवर. मतदानाला दर वेळी दादाबरोबर जायचो. त्या वर्षी दादा नेमका बाहेरगावी, म्हणून वहिनी सोबत आली.

केंद्रावरच्या साहेबांनी तिलाच विचारलं, "यांना स्वतः मत देता येणार नाही ना?"

"मला ऐकू येतं, साहेब," मी म्हणालो.

ते ओशाळले असावेत, कारण बराच वेळ पेनच शोधत राहिले. मग वहिनीकडून लिहून घेतलं, की मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाची सोबती झालेले नाही.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी कुजबुजलो, "पाच नंबर. डॉक्टरीणबाई."

"भावजी, पाचवर ठेकेदार आहे. बाई सहावर आहेत."

आता आली का पंचाईत! आठवडाभर भोंग्यावरून 'पाच नंबर, पाच नंबर' कानी पडत होतं. पण बाईंच्या गाडीवरून की ठेकेदाराच्या? दोन्ही गाड्या आमच्याच कोपऱ्यावर एकमेकींवर ओरडायच्या.

"नीट बघितलंस?"

"अहो, नाव समोर लिहिलंय!"

"आतले, हळू बोला!" साहेब ओरडले. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी घाईघाईने म्हटलं, "बाईंना दे." पीं करून लांब आवाज झाला आणि संपलं.

घरी येताना वहिनी फक्त भाजीच्या भावाचंच बोलत राहिली. दादा ठेकेदाराच्या बाजूचा, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. मनात नको ते यायला लागलं. वहिनी तशी नाही, हे कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी खुर्चीची एक आडवी पट्टी दोनदा चुकली, दोनदा उसवली.

चौथ्या दिवशी न राहवून विचारलं. भांड्यांचा आवाज थांबला.

"मलाही तेच खातंय, भावजी," ती म्हणाली. "साहेब ओरडले नि गडबडीत मी पुन्हा बघितलंच नाही. सहावर दाबलं असं वाटतं. पण शप्पथ घेऊन नाही सांगता यायचं."

कुणावर रागवायचं, तेच कळेना. डॉक्टरीणबाई पडल्या, त्याही हजारोंनी. म्हणजे आमच्या एका मताने काहीच बिघडलं नव्हतं. तरी ते गेलं कुठे, हे मला हवं होतं.

महिनाभराने अंधशाळेतल्या एक शिक्षिका आरामखुर्ची विणायला घेऊन आल्या. बोलता बोलता मी हे सांगितलं.

"तुम्हाला ब्रेल येतं ना?"

"येतं की."

"मग स्वतःच का नाही दाबलंत? बटणांशेजारी ठिपक्यांत आकडे असतात. उमेदवारांची ब्रेलमधली यादीही मागता येते."

इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. चूक कुणाची धरायची?

पुढच्या निवडणुकीत वहिनीला दाराशी उभं केलं आणि यादी मागितली. शोधाशोध झाली, पण मिळाली. नाव वाचलं, ते तीन नंबरवर होतं. ठिपके चाचपले, पुन्हा पुन्हा मोजून बटण दाबलं. पीं.

बाहेर आलो तर बोटांना घाम. तीनच होतं ना ते? की घाईत दोनवर पडलं?

"झालं का मनासारखं?" वहिनीने विचारलं.

"बहुतेक," मी म्हणालो. आता संशय घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. तेवढं मात्र बरं वाटलं.