बरुआसागरच्या बसचा रुमाल ग्रीनलँडवरून जातो

मी एक जुना चौकड्यांचा रुमाल आहे. गमछ्याहून थोडा लहान, नाक पुसायच्या रुमालाहून बराच मोठा. मित्रांनो, माझ्यावर आजवर कुणीही नाक पुसलेलं नाही. मी जागा धरणारा रुमाल आहे.

झाशीच्या एका दुकानातल्या कापडाच्या ताग्यातून मला फाडलं आणि तिथल्याच ओरछा गेट भागातल्या दिवाकररावांनी विकत घेतलं. त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी माझ्या कडा लाल दोऱ्यानं शिवल्या. दुसऱ्याच दिवशी मी जवळच्या बरुआसागरला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून आत गेलो. दिवाकरराव मागून दारानं आले.

आमच्याकडे असंच असतं. बस थांबायच्या आत बाहेरून रुमाल टाकायचा. तो पडला त्या जागेवर कलेक्टरही बसत नाही. माझा नेम कधी चुकला नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाबांच्या डोक्यावर पडलो, तर तेही निमूटपणे उठले.

पुढे दिवाकररावांनी स्कूटर घेतली आणि मी तिची सीट पुसू लागलो. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

मग त्यांच्या लेकीनं, जाईनं, दोघांना कॅनडाला बोलावलं. इंदूबाईंनी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला होता. फळ्यावर पांढऱ्या खडूनं ग्रीनलँड काढून त्या सांगायच्या, "हे सगळं बर्फ आहे." मुलं म्हणायची, "मॅडम जी, बर्फ तो गन्ने के रस में भी होता है." लंडनच्या पुढे विमान ग्रीनलँडवरून जातं हे कळल्यापासून त्या एकच सांगत होत्या, "मला उजवीकडची खिडकी हवी. पश्चिमेला जाताना उत्तर उजव्या हाताला येते."

जाईनं फोनवर विचारलं, "बाबा, सीट निवडली का?"

"निवडायचं काय त्यात? रुमाल आहे ना."

"बाबा, विमान आहे ते!"

"मग काय झालं? खिडक्या आहेत ना त्याला?"

खिडक्या होत्या. उघडत नव्हत्या. लंडनपर्यंतच्या विमानातच हे लक्षात आलं तेव्हा दिवाकररावांचा चेहरा पडला. पुढच्या विमानाच्या तिकिटावर दोघांच्या जागा मधल्या रांगेत होत्या. तिथून फक्त पुढच्या माणसाचं टक्कल दिसणार होतं.

लंडनला त्या विमानात शिरताच त्यांनी मला खिशातून काढलं, दोनदा झटकलं आणि चार रांगांवरून फेकलं. मित्रांनो, मी उडणाऱ्या वाहनात उडालो. पडलो तो नेमका उजवीकडच्या खिडकीपाशी.

पण त्या जागेचा मालक आला. धिप्पाड गृहस्थ. हवाईसुंदरीही आली. तिनं मला दोन बोटांत उचललं आणि कचऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं. मला स्कूटरची आठवण येऊ लागली.

"अहो, घ्या तो रुमाल," इंदूबाई हळूच म्हणाल्या. "लाज आणलीत. राहू दे ते ग्रीनलँड."

दिवाकररावांनी हात पुढे केला. तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "रुकिए. ये रूमाल कौन-सी बस का है?"

"बरुआसागरवाली," दिवाकरराव पुटपुटले.

"मैं चिरगाँव का हूँ." म्हणजे आमच्याच झाशीकडचे. त्यांनी हवाईसुंदरीच्या हातून मला घेतलं आणि सीटवर नीट अंथरलं. "रूमाल पड़ गया तो पड़ गया. इसी बात पर मेरे चाचा का कुर्ता फटा था. बैठिए, अम्मा जी."

आणि ते मधल्या रांगेत, दिवाकररावांशेजारी, गुडघे हनुवटीला टेकवून बसले. मी इतका सैल पडलो की माझ्या घड्याच मोडल्या.

पुढे सगळ्यांना झोपायचं म्हणून खिडक्यांची झाकणं खाली ओढायला सांगितली. इंदूबाईंनी आपलं बोटभर वर ठेवलं, उजेड कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मला डोक्यावरून काचेपर्यंत ओढलं आणि त्या तंबूत शिरल्या.

खाली पांढरंच पांढरं होतं. डोंगर, भेगा, निळी तळी. त्यांनी काचेवर बोटानं बर्फाची कड गिरवली. मग म्हणाल्या, "किनारा मी जरा चुकीचा काढत होते."

मित्रांनो, जन्मभर मी खिडकीची जागा धरली, पण बाहेर पाहिलं ते त्या दिवशी. जागा मिळाली की मला खिशात कोंबत असत.

म्हणून एवढंच मागतो. घरातला जुना रुमाल धुवा, उन्हात वाळवा, त्यानं स्कूटर पुसू नका. आणि विमानात खिडकी हवी असेल तर ती आधीच निवडा. प्रत्येक विमानात चिरगाँवचा माणूस असेलच असं नाही.